तेराशे पस्तीस

संचालकांना सुविचारांची फार हौस. त्यातला सगळ्यात लाडका सुविचार त्यांनी स्वतःच रचला होता आणि पाटीवर रंगवून जिन्याच्या पहिल्या वळणावर टांगला होता: 'पोहोचले नाही, म्हणजे पाठवले नाही.' संस्था वजनंमापं तपासणारी. दुकानांतले काटे, पेट्रोलचे पंप, दवाखान्यांतली वजनयंत्रं खरी की खोटी हे ठरवणं तिचं काम, तेव्हा इथे सबबींना जागा नको असं संचालकांचं म्हणणं. वायरबाई रोज त्या पाटीखालून जायची आणि गेले आठ महिने रोज मनातल्या मनात तिला एक शिवी हासडायची.

वायरबाई म्हणजे संस्थेचं नेटवर्क सांभाळणारी बाई. खिशात तारेचे तुकडे आणि कानामागे पेन्सिल, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पाटीवर तिचा राग असण्याचं कारण घरचं होतं. तिची सख्खी थोरली बहीण संस्थेच्या सगळ्यात लांबच्या शाखेची प्रमुख होती, आणि त्या शाखेचा एकही साप्ताहिक अहवाल आठ महिन्यांत मुख्य कार्यालयात पोहोचला नव्हता.

बाकी सगळं पोहोचत होतं, मेख तिथेच होती. सकाळची हजेरी पोहोचायची. 'अमुक कर्मचारी दोन दिवस रजेवर' हे पोहोचायचं. 'अहवाल पाठवला आहे, कृपया पोच द्यावी' हे तर दर सोमवारी न चुकता पोहोचायचं. फक्त अहवाल यायचा नाही. इकडून जाणारी संचालकांची स्मरणपत्रंही सुखरूप जायची, कारण ती दोन ओळींची असायची. झापणं पोहोचत होतं, काम पोहोचत नव्हतं.

संचालकांनी याचा सरळ अर्थ लावला. "एकोणीस माणसं हजेरी लावतात, रजा घेतात आणि पाठवलं पाठवलं म्हणून थापा मारतात," ते वायरबाईला म्हणाले. "लाइन खराब म्हणावी, तर पिंग लागतोय. मी स्वतः लावून पाहिला." पिंग म्हणजे 'आहेस का?' आणि 'आहे' एवढाच संवाद, चौसष्ट बाइटचा. संचालकांना नेटवर्कमधला तेवढाच शब्द येत होता, आणि तो ते सढळ हाताने वापरायचे.

"साहेब, पिंग लहान असतो. अहवाल मोठा असतो," वायरबाई म्हणाली.

"ज्या दारातून लहान जातं त्यातून मोठंही जातं. दार एकच आहे ना?"

मांजर गेलं म्हणून म्हैसही जाईल, असं वरिष्ठाने म्हटलं तर खालच्याने मान डोलवायची असते. वायरबाईने डोलवली नाही.

ताईला थापाडी म्हटलेलं तिला सहन होत नव्हतं. ताई इतकी खरं बोलणारी की लहानपणी वायरबाईने शेजारच्यांच्या खिडकीची काच फोडली, तेव्हा ताई स्वतः जाऊन त्यांना सांगून आली होती, वर चुकून भलत्याला रागवाल म्हणून धाकट्या बहिणीला सोबत घेऊन गेली होती. त्या माराची आठवण वायरबाईला अजून होती, आणि तरी ताईच्या शब्दावर ती डोळे मिटून विश्वास ठेवायची. आता शाखाच बंद करायची भाषा सुरू झाली होती. तसं झालं तर ताईला मुख्य कार्यालयाच्या तळघरात दप्तरखान्यावर बसवणार होते. ताईजवळ राहणाऱ्या बाबांना दिसत नव्हतं. त्या घराचा कोपरा न् कोपरा हाताला पाठ झालेला तो म्हातारा मग कुठे जाणार होता?

दोष कुठे आहे हे वायरबाईला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. शाखेपर्यंतची लाइन भाड्याची, आणि तिच्यावरून एका वेळी पंधराशे बाइटचं पॅकेट जातं. पंधराशे एक म्हटलं की नाही. मोठ्या फाइलचे आपोआप तुकडे होतात आणि ही पॅकेटं एकामागून एक निघतात, तिथवर सगळं ठीक. पण परक्या तारेवरून संस्थेचा मजकूर उघडा जाऊ नये म्हणून बोगदा करतात. बोगद्यासाठी खणावं काही लागत नाही: पॅकेट लखोट्यात घालायचं, लखोट्यावर नवा पत्ता टाकायचा, पलीकडच्या टोकाला लखोटा फाडायचा. युक्ती चांगली आहे, फक्त लखोट्यालाही त्या पंधराशेतूनच जागा लागते.

पहिल्या सुरक्षा अधिकाऱ्याने एक बोगदा केला आणि तो निवृत्त झाला. दुसरा आला. पहिल्याचंच काम पुढे चालवलं तर आपण काय केलं असं लोक विचारतात, म्हणून त्याने पहिल्याच्या आत दुसरा बोगदा केला. तिसरा म्हणजे सध्याचा, ज्याला सगळे पाठीमागे कुलूपसाहेब म्हणत. त्याने दुसऱ्याच्या आत तिसरा केला. जुने काढावेत असं कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. पण नियमाप्रमाणे बोगदा काढायला तो घालणाऱ्याची सही लागत होती, आणि पहिले साहेब जग सोडून गेले होते. तेव्हा खोलीच्या आत खोली बांधत गेलेल्या घरासारखी ती लाइन झाली होती, आणि आतल्या माणसाला अजून वाटत होतं की आपल्याला पंधराशेची ऐसपैस जागा आहे.

एवढ्यावरही निभावलं असतं. कारण वाटेतलं यंत्र मुकं नसतं. पॅकेट फार मोठं असलं तर ते उलट निरोप धाडतं: 'हे माझ्यातून जात नाही, लहान करून पाठव.' पाठवणाऱ्याने तो ऐकायचा आणि आकार कमी करायचा, सगळीकडे असंच चालतं. पण कुलूपसाहेबांच्या आधीच्या नोकरीत एकदा चोर आत शिरला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. कुलूपसाहेबांनी ताक बंदच केलं. न मागता बाहेरून येणारा प्रत्येक निरोप दारातच मारायचा, असा त्यांनी हुकूम काढला. त्यामुळे यंत्राची तक्रार आत यायचीच नाही. त्यांच्या मासिक तक्त्यात तक्रारींच्या रकान्यात कायम शून्य असायचं, आणि त्या शून्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते त्यांनी खुर्चीच्या मागे लावलं होतं.

दर सोमवारी दुपारी ताईचा फोन यायचा.

"पोहोचला का गं?"

"नाही, ताई."

"अगं, मी पाठवलाय. माझ्या समोर पाठवलाय."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असून काय उपयोग?" ताई म्हणायची. "बाबाही विचारतात आता दर सोमवारी. खरंच पाठवलास ना, म्हणून."

एकदा ताईने अहवालाच्या चार-चार ओळींच्या चिठ्ठ्या करून पाठवल्या. चारशे बारा चिठ्ठ्या आल्या, एकूण एक आल्या. संचालकांनी त्या अहवाल म्हणून स्वीकारल्या नाहीत, कारण अहवाल एकाच फाइलमध्ये हवा. वर वरिष्ठांना चारशे बारा वेळा त्रास दिल्याची नोंद ताईच्या नावावर पडली.

मग वायरबाई हिशेबाला बसली. टेबलावर पेन्सिलने, एका जुन्या तपासणी तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूला. पंधराशेतून लाइनवाल्यांचे स्वतःचे आठ गेले, उरले चौदाशे ब्याण्णव. पहिल्या साहेबांचा लखोटा चोवीसचा: चौदाशे अडुसष्ट. दुसऱ्या साहेबांचा लखोटा नखरेल होता. तो आतलं सामान सोळाच्या पटीत बसवायला कधी थोडं भरताड भरायचा, कधी जास्त, त्यामुळे कधी अठ्ठावन्न खायचा तर कधी त्र्याहत्तर. वायरबाईने त्र्याहत्तर धरले, कारण पाहुण्याच्या भुकेचा अंदाज जास्तीचाच धरावा. उरले तेराशे पंच्याण्णव. कुलूपसाहेबांचे साठ गेले. तेराशे पस्तीस.

तिने तो आकडा दोनदा तपासला आणि त्याच्याभोवती गोल काढला. हत्ती होऊन लाकडं फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात, तेवढीच गोष्ट होती. पॅकेट तेराशे पस्तीसचं करायचं, बस्स. दोन मिनिटांचं काम. पण संस्थेत कुठलंही माप बदलायला समितीची मंजुरी लागते, आणि समितीची तारीख मिळायला सात महिने गेले.

समितीत तिघं होते: संचालक, कुलूपसाहेब आणि एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांनी उमेदीच्या काळात पाच-पाच ग्रॅमसाठी दुकानदारांना रडवलं होतं. वायरबाईने फार बोलायचं नाही असं ठरवलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने पडद्यावर तेराशे पस्तीसचा पिंग पाठवून दाखवला. उत्तर आलं. मग तेराशे छत्तीसचा पाठवला. पडदा गप्प. पुन्हा पस्तीस, उत्तर. पुन्हा छत्तीस, गप्प.

"एका बाइटने असं काय बिघडतं?" ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं.

"काट्यावर एका ग्रॅमने जे बिघडतं तेच, साहेब."

"तो काटा आहे. इथे थोडं समजून घेतलं पाहिजे लाइननं."

कुलूपसाहेबांना वेगळीच चिंता होती. "पॅकेट लहान म्हणजे पॅकेटांची संख्या जास्त. संख्या जास्त म्हणजे माझ्या दारावर गर्दी. गर्दीत चोर शिरतो."

"मग तो उलटा निरोप तरी आत येऊ द्या," वायरबाई म्हणाली. "एवढंच सांगतो तो, लहान करा म्हणून."

"बाई, आज लहान करा म्हणेल, उद्या दार उघडा म्हणेल."

संचालकांनी दोन्ही हात वर केले, भांडण सोडवायला करतात तसे. "हे पाहा. संस्थेचा आकडा पंधराशे. बाईंचा तेराशे पस्तीस. टोकाची भूमिका कुणीच घेऊ नये. मध्य काढू." त्यांनी मध्य काढला, तो चौदाशे साडेसतरा निघाला. बाइट अर्धा होत नाही, असं वायरबाईने सांगितल्यावर उरलेली वीस मिनिटं त्या अर्ध्या बाइटवर चर्चा झाली. कुलूपसाहेब तो कापावा म्हणत होते. ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं पडलं की शाखा लांबची आहे, बिचाऱ्यांना अर्धा बाइट जास्त द्यावा. चौदाशे अठरा ठरला, एकमताने.

"साहेब," वायरबाई म्हणाली, आणि तिचा आवाज चढला होता, "दार सहा फुटांचं आहे. आठ फुटी माणूस जात नाही म्हणून तुम्ही सात फुटी पाठवताय. डोकं त्याचंही आपटणारच."

"मापं घेणाऱ्या संस्थेत थोडी लवचीकता हवी," संचालक म्हणाले, आणि बैठक संपली. पालथ्या घड्यावर पाणी.

चौदाशे अठरा लागू झाला. अहवाल आला नाही. आता तर संचालकांचा संशयच फिटला: लाइन दुरुस्त करूनही जो अहवाल येत नाही तो नसतोच. पुढच्या आठवड्यात शाखा बंद करण्याचा ठराव झाला. त्यात एक कलम असंही होतं की शाखा बंदच व्हायची असल्याने तिथल्या कोणत्याही यंत्रात यापुढे कसलाही बदल करू नये. वायरबाईने ठराव वाचला आणि स्वच्छतागृहात जाऊन दार लावून रडली. सोमवारी ताईचा फोन आला तेव्हा तिने ठरावाचं काही सांगितलं नाही. बहिणीपासून तिने लपवलेली ही पहिलीच गोष्ट.

बंद करण्याचा आदेश बासष्ट पानांचा झाला, परिशिष्टांसह. संचालकांनी स्वतः कळ दाबून तो शाखेकडे रवाना केला. पडद्यावर 'पाठवत आहे' असं आलं. दुसऱ्या दिवशीही 'पाठवत आहे' होतं. तिसऱ्या दिवशीही.

आता पंचाईत अशी की शाखाप्रमुखाची पोच आल्याशिवाय आदेश लागू होत नाही. टपालाने पाठवावा, तर संस्था कागदमुक्त झाल्याची दुसरी पाटी संचालकांनीच लावली होती. पेनड्राइव्हवर पाठवावा, तर कुलूपसाहेबांनी सगळ्या यंत्रांची ती भोकं मेणाने बुजवली होती. चौथ्या दिवशी संचालकांनी वायरबाईला बोलावलं.

"तुमचा तो आकडा काय होता?"

वायरबाईला हसावं की रडावं कळेना. आठ महिने ज्या परवानगीसाठी ती दारोदार फिरली, ती आता मिळत होती, आणि कशासाठी, तर ताईच्या मानेवरची सुरी नीट चालावी म्हणून. "तेराशे पस्तीस," ती म्हणाली.

"मंजूर. आत्ता लिहून देतो. आपल्या टोकाला लावून टाका."

तिचं एक मन म्हणत होतं, गप्प राहा. पण ती ताईचीच बहीण होती, आणि तो काचेचा मार तिने फुकट खाल्ला नव्हता. "साहेब, एक सांगते. बोलणं सुरू करताना प्रत्येक टोक दुसऱ्याला सांगतं, मला एवढ्या आकाराचं पाठव. आपल्या टोकाचा हा सांगायचा आकडा बदलला की शाखा आपल्याला लहान पाठवायला लागेल. आपण शाखेला लहान पाठवावं, तर शाखेच्या टोकालाही बदलावं लागेल."

"शाखेच्या यंत्राला हात लावायचा नाही. ठरावात आहे."

"म्हणूनच सांगतेय, साहेब."

"बाई, तुम्ही फार खोलात जाता. ठरावाबाहेर एक पाऊल नाही. मुख्य कार्यालयाचं टोक, तेराशे पस्तीस, संपलं." त्यांनी तसं लिहून, सही करून, कागद तिच्याकडे सरकवला. कागदमुक्त संस्थेत मंजुरी मात्र कागदावरच मिळते.

मुख्य कार्यालयातूनच शाखेकडे जाणारी पॅकेटंही लहान करता आली असती, थोडी खटपट करून. पण ते कागदात नव्हतं, आणि आपण आता कागदाबाहेर जायचं नाही, असं वायरबाईने जागेवर येता येता ठरवून टाकलं. तिने आकडा घातला. शाखेत दर तासाला जुने अडकलेले अहवाल पुन्हा पाठवायचा प्रयत्न यंत्र आपलं आपण करत होतं, आठ महिने, न कंटाळता, ताईसारखंच. अकरा वाजता त्याने पुन्हा प्रयत्न केला.

पहिला अहवाल आला. मग दुसरा. मग ते येतच राहिले. संचालकांच्या पडद्यावर यादी खाली खाली सरकत होती आणि ते चष्मा वर करून पाहत होते. पस्तीस सोमवारांचे पस्तीस अहवाल, तक्ते, फोटो, सह्या, शिक्के. आठ महिन्यांत मुख्य कार्यालयाचं एकही परिपत्रक न मिळाल्यामुळे त्या शाखेने इतर कुठल्याही शाखेच्या दुप्पट काटे तपासले होते.

पण संचालकांचा चेहरा उतरला तो पहिल्या अहवालाच्या पहिल्या परिच्छेदाने. वर्षारंभी मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांना नवी प्रमाण वजनं गाडीने पाठवली होती. ताईने ती लगेच जुन्या वजनांशी ताडून पाहिली. 'नवीन प्रमाण किलो दोन ग्रॅमने कमी भरतो. तरी कोणत्याही शाखेने तो वापरू नये, ही विनंती.' दुसऱ्या अहवालात तीच विनंती होती. तिसऱ्यातही. पस्तीसच्या पस्तीस अहवालांत. न स्वीकारलेल्या चारशे बारा चिठ्ठ्यांतल्या एकीवरही ती होती, पण त्या कुणी वाचल्याच नव्हत्या. बाकीच्या शाखांची लाइन उत्तम होती; त्यांनी त्याच खोट्या किलोने हजारो खऱ्या काट्यांना खोटं ठरवलं होतं आणि त्याचे अहवाल वेळेवर पाठवून शाबासकी मिळवली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही संस्थेच्या शिक्क्यानिशी. वजनांच्या खरेदीवर सही संचालकांची होती.

दुपारी संचालक जिना उतरून वायरबाईच्या खोलीत आले. या खोलीत ते कधी आले नव्हते, त्यामुळे तारांच्या भेंडोळ्यात कुठे उभं राहावं ते त्यांना सुचेना.

"तो आदेश," ते हळू आवाजात म्हणाले, "शाखेला गेला का हो?"

"आपल्याकडे 'पाठवत आहे' दिसतंय, साहेब."

"पण पोहोचला का?"

"नाही पोहोचला."

"म्हणजे आपण तर पाठवलाय..." ते अडखळले. संचालकाच्या खुर्चीतल्या माणसाला आठ महिन्यांत पहिल्यांदाच असं वाक्य म्हणावं लागत होतं, आणि ते त्यांच्या तोंडात बसत नव्हतं.

"साहेब, जिन्यात पाटी आहे," वायरबाई म्हणाली.

संचालकांनी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती, किंवा करत असेल तर चेहऱ्यावर दिसत नव्हती. "पोहोचला नाही," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे पाठवलाच नाही."

"नियमाप्रमाणे नाही."

त्यांनी मान हलवली, वर गेले, आणि त्यांच्या पडद्यावरचं 'पाठवत आहे' नाहीसं झालं. ठरावाचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. शाखेच्या टोकाचा आकडा बदलायचं काम वायरबाईने कामांच्या यादीत सगळ्यात खाली लिहिलं आणि त्याच्यापुढे 'सवडीने' असं लिहिलं.

मग तिने वाट न बघता ताईला फोन लावला. तो सोमवार नव्हता, त्यामुळे ताई घाबरली.

"काय गं? काय झालं?"

"पोहोचले, ताई. पस्तीसच्या पस्तीस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी पाठवलेच होते," ताई म्हणाली. तिचा आवाज, जो आई गेली तेव्हाही हलला नव्हता, तो हलला होता.

"माहीत आहे गं मला."

"तुला होतं. ठेव तू फोन, मला घरी लावायचाय. बाबांना सांगते." ताईने नाक ओढलं. "गेल्या सोमवारी त्यांनी विचारलंच नाही."